मूळ ग्रीक शास्त्रांतील ‘जाऊन’ : एका कृदंताचा अभ्यास

अभ्यासपाठ : मत्तय २८:१-२०.
सोबत पाहावयाचीं वचनें : उत्पत्ति ३७:१३-१७, मत्तय २:८, ९:१३, १०:६-७, ११:४, १७:२७, २५:१६, २७:६६, प्रेषितांचीं कृत्यें १४:१९-२२.



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटीं प्रभु येशूनें अकरा शिष्यांस जी आज्ञा केली, ती आपल्या मंडळ्यांतील मुलांसहि तोंडपाठ आहे. परंतु त्या आज्ञेच्या पहिल्याच शब्दाविषयीं दोन मतें ऐकूं येतात, आणि दोहोंचा परिणाम मंडळीच्या कामावर होतो.

एक मत असें कीं, आज्ञेचा सारा भर ‘जा’ या शब्दावर आहे. सबब ती घरदार सोडून दूर देशीं जाणाऱ्यांसाठीं आहे, आणि ज्याला शेत, बैल व म्हातारे आईबाप टाकून जातां येत नाहीं त्याच्याशीं तिचा संबंध नाहीं. दुसरें मत थोडेंबहुत ग्रीक ऐकलेल्या उपदेशकांकडून येतें. ते म्हणतात कीं, मूळ भाषेंत तेथें ‘जा’ असा आज्ञार्थ मुळींच नाहीं, कृदंत आहे. म्हणून अर्थ एवढाच कीं, जातां जातां, सहज वाटेंत जमेल तें करावें. मुद्दाम कोठें जाण्याचें कारण नाहीं. पहिल्या मतानें आज्ञेचें ओझें थोड्यांच्याच माथीं बसतें. दुसऱ्या मतानें तें कोणाच्याच माथीं राहत नाहीं. तेव्हां तो शब्द मुळांत काय आहे हें नीट पाहणें अवश्य आहे. ज्यांस ग्रीक येत नाहीं त्यांनीं भिऊं नये. या शब्दापुरती मराठी माणसाला मोठी सोय आहे, ती पुढें दिसून येईल.

१. शब्द व त्याचें रूप

मुळांतील शब्द ‘पोरेउथेन्तेस’ असा आहे. त्याचा धातु ‘निघून जाणें, वाट चालणें’ या अर्थाचा. धातूला प्रत्यय लागून जो शब्द होतो, पण ज्यानें वाक्य पुरें होत नाहीं, त्याला आपण धातुसाधित किंवा कृदंत म्हणतों. ‘जा’ या धातूपासून मराठींत ‘जाऊन’, ‘जात’, ‘जातांना’, ‘गेलेला’ हीं कृदंतें होतात. ‘तो जाऊन’ एवढेंच बोलून कोणी थांबला, तर ऐकणारा विचारतो, ‘जाऊन काय केलें?’ ग्रीक कृदंताचेंहि तसेंच आहे. त्याला टेकावयास मुख्य क्रियापद लागतें.

ग्रीक कृदंताला विशेषणाप्रमाणें लिंग, वचन व विभक्ति असते, आणि क्रियापदाप्रमाणें काळहि असतो. ‘पोरेउथेन्तेस’ हें पुल्लिंगी, अनेकवचनी, प्रथमेचें रूप आहे. म्हणजे जाणारे ते अकरा शिष्यच, असें रूपावरूनच कळतें. त्यांतील ‘थेन्त’ या भागावरून तें ‘अओरिस्त’ काळाचें आहे हें समजतें. अओरिस्त म्हणजे ‘मर्यादा न आखलेला’. क्रिया किती वेळ चालली, अजून चालू आहे कीं काय, याचा विचार न करितां ती एक सबंध गोष्ट म्हणून हा काळ दाखवितो. असें कृदंत मुख्य क्रियापदाच्या आधीं आलें म्हणजे त्याची क्रियाहि बहुधा आधींची असते.

एक गोष्ट मात्र कृदंताजवळ नसते. आपण आज्ञा आहों कीं साधें विधान आहों, हें तें स्वतः सांगत नाहीं. तें तें मुख्य क्रियापदापासून उसनें घेतें. या एका नियमावर पुढील सर्व विवेचन उभें आहे.

२. मराठीची साक्ष

आई मुलीला म्हणते, ‘विहिरीवर जाऊन पाणी आण.’ या वाक्यांत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: ‘आण’. ‘जाऊन’ हें कृदंत आहे. आतां ती मुलगी उंबऱ्यावर बसून राहिली आणि म्हणूं लागली, ‘आई, तूं मला जा असें म्हणालीच नाहींस, सहज विहिरीकडे जाणें झालें तर पाणी आणीन,’ तर तिचें व्याकरण आई ऐकून घेईल काय? ‘आण’ या शब्दाची आज्ञा ‘जाऊन’ या शब्दांतहि उतरली आहे, हें घरांतील लहान मूलहि जाणतें.

उलट ती मुलगी विहिरीवर गेली, मैत्रिणींशीं बोलत बसली आणि रिकामी घागर घेऊन परत आली, तर ‘मी गेलें तर होतें’ हें उत्तरहि चालणार नाहीं. जाणें आवश्यक होतें, परंतु जाण्यासाठीं जाणें नव्हतें; पाण्यासाठीं होतें.

आतां दुसरें वाक्य घ्या. ‘विहिरीवर जातांना ही चिठ्ठी पाटलांच्या घरीं दे.’ येथें जाण्याची आज्ञा नाहीं. ती जाणार आहे हें धरून चाललें आहे. ‘जाऊन’ आणि ‘जातांना’ यांतील हा भेद आपण रोज पाळतों. हाच भेद ग्रीक भाषेंतहि आहे. ‘पोरेउथेन्तेस’ हें अओरिस्त रूप आपल्या ‘जाऊन’च्या जागीं बसतें, ‘पोरेउओमेनोइ’ हें वर्तमान रूप ‘जातांना’च्या जागीं बसतें. इंग्रजींत ‘जाऊन’सारखा सुटसुटीत शब्द नाहीं, म्हणून इंग्रजी भाषांतरांत ‘गो’ अशी वेगळी आज्ञा घालावी लागली. पुढें कोणी मूळ पाहून म्हणाला, ‘अहो, ही तर आज्ञाच नव्हे!’ आणि तेथून ‘जातां जातां’ हा अर्थ निघाला. मराठी वाचकाला या वळणानें जाण्याची गरज नाहीं. आपल्या शास्त्रांतील ‘जाऊन’ हा शब्द मुळाला अगदीं धरून आहे.

३. मत्तयाची लिहिण्याची रीत

एका शब्दाचा अर्थ ठरवितांना त्याच लेखकानें तो दुसरीकडे कसा वापरला आहे हें पाहावें. मत्तयानें हा शब्द आज्ञेच्या आधीं वारंवार ठेविला आहे.

हेरोदानें मागी लोकांस बेथलेहेमास पाठविलें, तेव्हां जाऊन बालकाचा नीट शोध करावा असें त्यांस सांगितलें (२:८). शब्द तोच, ‘पोरेउथेन्तेस’. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य आले, तेव्हां प्रभूनें त्यांस जाऊन योहानाला जें पाहिलें व ऐकिलें तें कळविण्यास सांगितलें (११:४). मंदिराच्या कराच्या वेळीं पेत्राला समुद्राकडे जाऊन गळ टाकण्यास सांगितलें (१७:२७). तेथें एकवचनी ‘पोरेउथेइस’ आहे. पाण्याकडे गेल्याशिवाय गळ टाकतां येत नाहीं, हें कोळ्याला कोणी समजावून द्यावयास नको. या सर्व ठिकाणीं जाणें सांगितलेलेंच आहे, पण तें पुढच्या कामासाठीं सांगितलें आहे.

मुख्य क्रियापद आज्ञार्थी नसेल तेथें हेंच कृदंत साधें विधान होतें. पांच तालांत मिळालेल्या दासानें जाऊन त्यांवर व्यापार केला (२५:१६). तो खरोखर गेला व त्यानें खरोखर व्यापार केला. क्रियापद विधान तर कृदंतहि विधान. क्रियापद आज्ञा तर कृदंतहि आज्ञा.

याहून जुना पुरावा जुन्या करारांत आहे. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकापासून मिसर देशांतील यहूद्यांनीं हिब्रू शास्त्राचें ग्रीक भाषांतर करण्यास आरंभ केला. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. उत्पत्ति ३७:१४ येथें याकोब योसेफाला भावांचा समाचार घेण्यास पाठवितो. हिब्रू भाषेंत तेथें दोन स्वतंत्र आज्ञा आहेत: ‘जा’ आणि ‘पाहा’. ग्रीक भाषांतरकारांनीं पहिल्या आज्ञेच्या जागीं ‘पोरेउथेइस’ हें कृदंत घातलें आणि दुसरी आज्ञा तशीच ठेविली. त्या कृदंतानें आज्ञेचा जोर कमी होतो असें त्यांस वाटलें असतें, तर त्यांनीं तें घातलें नसतें.

योसेफाची गोष्ट आपण पुढें वाचूं, म्हणजे कृदंताचा अर्थ कृतींत दिसेल. तो हेब्रोनाच्या खोऱ्यांतून शखेमास गेला. भाऊ तेथें नव्हते. ‘सांगितलेल्या गांवीं जाऊन आलों’ असें म्हणून तो परत फिरला नाहीं. विचारपूस करीत दोथानापर्यंत गेला व तेथें त्यानें भावांस गांठलें. जाण्याचें प्रयोजन त्याला ठाऊक होतें.

डॅनिएल वॉलेस या अमेरिकन व्याकरणकारांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या ग्रीक व्याकरणांत या रचनेचीं लक्षणें सांगितलीं आहेत. त्यांतील मुख्य अशीं: कृदंत अओरिस्त असावें, मुख्य क्रियापदहि अओरिस्त असावें, आणि कृदंत आधीं येऊन क्रियापद मागाहून यावें. आपल्या वचनांत हीं सर्व आढळतात.

४. ‘जातांना’ म्हणावयाचें असतें तर

मत्तयाला ‘जातांना’ असें म्हणावयाचें असतें तर त्याच्याजवळ शब्द होता. दहाव्या अध्यायांत प्रभु बारा जणांस पाठवितो. सहाव्या वचनांत इस्राएलाच्या घराण्यांतील हरवलेल्या मेंढरांकडे जाण्याची आज्ञा पुऱ्या आज्ञार्थी क्रियापदानें दिली आहे. जाणें एकदां ठरून गेल्यावर सातव्या वचनांत, जात असतांना घोषणा करीत जावें, असें सांगतांना ‘पोरेउओमेनोइ’ हें वर्तमान कृदंत आलें आहे.

इतकेंच नव्हे, तर अठ्ठाविसाव्या अध्यायांतच हें वर्तमान रूप आहे. स्त्रिया कबरेपासून निघून वाटेनें जात असतां पहारेकऱ्यांपैकीं कांहीं नगरांत आले, असें अकराव्या वचनांत आहे. तेथें ‘पोरेउओमेनोन’ हें षष्ठीचें वर्तमान रूप वापरलें आहे. म्हणजे आठच वचनें आधीं ज्या लेखकानें ‘जात असतां’ हें रूप लिहिलें, त्यानें एकोणिसाव्या वचनांत मुद्दाम ‘जाऊन’ हें रूप लिहिलें. सबब ‘जातां जातां, जमेल तसें’ हा अर्थ येथें बसत नाहीं.

५. त्याच शब्दाचें स्त्रीलिंगी रूप

‘जाऊन’ हें मराठींत अव्यय आहे. तें लिंगवचनानें बदलत नाहीं. त्यामुळें एक गोष्ट मराठींत झांकली जाते, ती सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सत्ताविसाव्या अध्यायाच्या अगदीं शेवटीं, जाऊन कबर बंदोबस्तांत ठेवणाऱ्यांविषयीं ‘पोरेउथेन्तेस’ हाच शब्द आला आहे (२७:६६). ते गेले, त्यांनीं धोंडेला शिक्का मारला व पहारा बसविला. त्यानंतर सातव्या वचनांत देवदूत कबरेजवळ आलेल्यांस सांगतो कीं, लवकर जाऊन शिष्यांस कळवावें. येथें शब्द आहे ‘पोरेउथेइसाइ’. धातु तोच, काळ तोच, रचना तीच. परंतु रूप स्त्रीलिंगी, अनेकवचनी. पुरुष जाऊन कबर बंद करितात. स्त्रिया जाऊन ती रिकामी असल्याचें सांगतात. मग अकरा शिष्यांस जाऊन सर्व राष्ट्रांस शिष्य करण्याची आज्ञा होते. पुनरुत्थानानंतर ‘जाऊन सांगा’ ही आज्ञा प्रथम स्त्रियांस झाली, हें या रूपांत कायमचें कोरलें आहे. त्या गेल्या म्हणून अकरा जण गालीलास आले. ज्या मंडळींत स्त्रियांनीं केवळ मागें बसून ऐकावें अशी चाल आहे, तिनें हें रूप लक्षांत घ्यावें. आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाई यांनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून मराठी भाषांतर करण्यांत आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें घालविलीं, आणि तें केडगांव येथील मुक्तिसदनांतील स्त्रियांच्या हातांनीं छापलें गेलें. त्या स्त्रियांस हें रूप नवें वाटलें नसतें.

६. मुख्य क्रियापद व मागून येणारीं दोन कृदंतें

आतां घागरीकडे वळूं. ज्यासाठीं जावयाचें तें काम कोणतें? मुख्य क्रियापद ‘माथेतेउसाते’ हें आहे. अर्थ, ‘शिष्य करा’. हें क्रियापद नव्या करारांत चारच ठिकाणीं आढळतें: मत्तय १३:५२, २७:५७, येथें, आणि प्रेषितांचीं कृत्यें १४:२१. शिष्य म्हणजे केवळ ऐकणारा नव्हे, केवळ नांव नोंदविलेलाहि नव्हे. गुरूजवळ राहून शिकणारा.

या क्रियापदाच्या मागून दोन कृदंतें येतात: ‘बाप्तिझोन्तेस’ म्हणजे बाप्तिस्मा देत, आणि ‘दिदास्कोन्तेस’ म्हणजे शिकवीत. हीं दोन्हीं वर्तमान रूपें आहेत. बाप शेतावर पाठवितांना मुलाला म्हणतो, ‘शेतावर जाऊन पीक काढ, पाणी देत, निंदणी करीत.’ ‘जाऊन’ एकदां झालें कीं झालें; ‘पाणी देत’ व ‘निंदणी करीत’ हीं पीक हातीं येईपर्यंत चालतात. तसेंच येथें आहे. शिष्य कसे करावयाचे तें हीं दोन कृदंतें दाखवितात.

मराठी भाषांतरांत यांच्या जागीं बहुधा ‘द्या’ व ‘शिकवा’ अशा आज्ञा येतात. त्यांत चूक नाहीं, कारण आज्ञेचा जोर त्यांतहि उतरलेला आहे. परंतु त्यामुळें बाप्तिस्मा हें एक वेगळें पुरें काम व शिक्षण हें दुसरें, असा समज होऊं शकतो. एखाद्या वाड्यांत बाप्तिस्मे झाले, नांवें वहींत लिहिलीं, आणि उपदेशक पुढच्या गांवीं गेला. मग ‘काम झालें’ असें म्हटलें जातें. व्याकरण म्हणतें, ‘नाहीं, अजून पाणी देणें चालूं आहे.’ शिवाय शिकवावयाचें तें केवळ जाणावयास नव्हे, तर पाळावयास. दहा आज्ञा पाठ म्हणणारा मुलगा व खोटी साक्ष देण्याचें नाकारणारा मुलगा, यांत अंतर आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘राष्ट्रें’ या अर्थाचा ‘एथ्ने’ हा शब्द ग्रीक भाषेंत नपुंसकलिंगी आहे. परंतु ‘त्यांस’ बाप्तिस्मा देत, ‘त्यांस’ शिकवीत, असें सांगतांना मत्तयानें ‘औतुस’ हें पुल्लिंगी सर्वनाम घातलें आहे. दृष्टि राष्ट्रांवर आहे, पण हात एकेका माणसावर ठेवावयाचा आहे. वाडाच्या वाडा एकदम मंडळींत आला तरी पाळकाला प्रत्येकाचें नांव, प्रत्येकाचें घर व प्रत्येकाचें दुखणें ठाऊक असलें पाहिजे.

पौल व बर्णबा यांनीं ही आज्ञा कशी पाळिली तें पाहा. दर्बे येथें पुष्कळांस शिष्य केल्यावर ते लुस्त्र, इकुन्य व अंत्युखिया या गांवांस परत गेले, आणि शिष्यांचीं मनें स्थिर करीत राहिले. लुस्त्र येथें तर थोड्याच दिवसांपूर्वी पौलाला दगडमार होऊन लोकांनीं त्याला मेला समजून गांवाबाहेर ओढून टाकलें होतें. दर्ब्यापर्यंत जाऊन झालें होतें; शिकविणें राहिलें होतें, म्हणून ते परतले.

७. आज्ञा कोणासाठीं?

ही आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरतीच होती, असें मानणारे पुष्कळ ख्रिस्ती लोक अठराव्या शतकांत इंग्लंडांत होते. विल्यम केरी यांनीं १७९२ सालीं एक लहान पुस्तक छापून त्या मताला उत्तर दिलें. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग असा कीं, जाऊन शिकविण्याची आज्ञा जर प्रेषितांबरोबर संपली, तर बाप्तिस्म्याची आज्ञाहि तेव्हांच संपली असें म्हणावें लागेल. आणि तसें तर कोणी म्हणत नाहीं. व्याकरण याला दुजोरा देतें. तिन्हीं कृदंतें एकाच क्रियापदाच्या जुंवाला जुंपलेलीं आहेत. एकाला सोडून दुसऱ्याला ठेवितां येत नाहीं. केरी १७९३ सालीं बंगाल्यांत उतरले. १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, आणि १८११ सालीं श्रीरामपूर येथून मराठी नवा करार बाहेर पडला.

तर मग आरंभींच्या दोन मतांचा निकाल काय? ‘जातां जातां’ म्हणणाऱ्यांस आम्ही सांगतों कीं, जाणें ही आज्ञाच आहे. उठल्याशिवाय ती पाळली जात नाहीं. ‘जा म्हणजे दूर देश’ म्हणणाऱ्यांस सांगतों कीं, जाण्याचें अंतर ‘जाऊन’ हा शब्द ठरवीत नाहीं. पुढचें काम ठरवितें. पेत्राला समुद्रकांठापर्यंत जावें लागलें, योसेफाला दोथानापर्यंत. परूश्यांस जाऊन एका शास्त्रवचनाचा अर्थ शिकण्यास सांगितलें (९:१३), त्यांस तर बहुधा गांवहि सोडावा लागला नसेल. आपलें आसन व आपला ताठा मात्र सोडावा लागला असता. सर्व राष्ट्रें हें काम असल्यामुळें कोणी समुद्रापार जाईल, कोणी नदीपलीकडच्या खेड्यास, कोणी ज्या वाड्याचा उंबरा आजवर ओलांडला नाहीं तेथें. म्हाताऱ्या आईबापांस सांभाळणारा शेतकरीहि शेजारच्या झोंपडीपर्यंत जाऊं शकतो, आणि एका मुलाला वाचावयास शिकवूं शकतो. ज्यानें बसूनच राहावें असा मात्र कोणी या वाक्यांत सांपडत नाहीं.

शेवटीं वाक्याच्या दोन्ही बाजू पाहा. आज्ञेच्या आधीं, सर्व अधिकार मला दिला आहे, असें प्रभु सांगतो; आज्ञेनंतर, मी सदोदित तुमच्याबरोबर आहें, असें सांगतो. हीं आज्ञा नव्हेत, कृदंतेंहि नव्हेत. साधीं, सरळ विधानें आहेत. तीं कोणाकडून कांहीं उसनें घेत नाहींत. आपलें जाणें, बाप्तिस्मा देणें व शिकविणें हीं त्या दोन विधानांच्या मध्यें आहेत; जशी घागर दोन हातांच्या मध्यें असते.

उपदेशकांनीं वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. ‘जाऊन आण’ व ‘जातांना दे’ यांत कोणता भेद आहे? आपल्या घरांतील बोलण्यांतून दोन्हींचीं दोन दोन उदाहरणें द्या.

२. मत्तय २८ यांत ७, ११, १६ व १९ या वचनांत एकच धातु आला आहे. प्रत्येक ठिकाणीं कोण जातें व कशासाठीं?

३. योसेफ शखेमाहून परत फिरला असता तर त्यानें बापाची आज्ञा पाळली असें झालें असतें काय?

४. आपल्या मंडळींत गेल्या तीन वर्षांत ज्यांचे बाप्तिस्मे झाले त्यांपैकीं किती जणांचें शिक्षण आज चालू आहे? नांवें घेऊन सांगा.

५. या आठवड्यांत आपणांपैकीं कोण, कोणाकडे, काय करावयास जाणार?